जोत्याबाहेरचे घर

मुंबईत जमिनीला लागून स्वतःचे घर बांधणे हीच आता इतकी दुर्मीळ गोष्ट झाली आहे की, घराभोवती उरलेल्या मातीचे काय करावे हा प्रश्न बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. मुलुंड पश्चिमेला आमचे जुने बैठे घर पाडून त्याच जागी दुमजली घर उभे राहिले, तेव्हा तो आमच्या वाट्याला आला, आणि तोही अशा वेळी की पैसे आणि उत्साह दोन्ही आटले होते.

घराच्या आत फारसे मतभेद झाले नव्हते. ओट्याची उंची वहिनीने ठरवली, देवघराची दिशा आईने. अंगणाबाबत मात्र प्रत्येकाचे आधीच काहीतरी पक्के होते. आईला तुळशीवृंदावन आणि बकुळ हवी होती, वहिनीला हिरवळ, भावाला दोन गाड्यांची जागा, आणि कंत्राटदाराला आपले सामान उचलून एकदाचे निघायचे होते. त्याचा सल्लाही त्याच घाईतला होता : ‘दादा, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून घ्या, कटकटच नको.’ हा सल्ला किती जण मानतात, ते उपनगरातल्या कुठल्याही गल्लीत फाटकातून डोकावले की कळते. आमच्याकडे तो मानला गेला नाही, याचे श्रेय आईच्या हट्टाला. एक पावसाळा जाऊ द्या आणि मग काय ते करा, एवढेच तिचे म्हणणे होते.

हजार चौरस फूट जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी जमते. म्हणजे जवळजवळ एक टँकर. जुलैतल्या मुंबईत असा दिवस उजाडणे ही काही बातमी नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्यानंतर आमच्या गल्लीत जे जे घर नव्याने उभे राहिले त्याचे जोते आधीपेक्षा उंच झाले. जोते उंच करण्यात गैर काही नाही. पण अंगणातही भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते, आणि त्याने तेच केले की ते आपल्याकडे परत येते. आमच्या भागात राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडून जमीन पूर्वेला उतरत येते, त्यामुळे परसातून शिरलेले पाणी घराला वळसा घालून फाटकाकडे निघते. पहिल्या मोठ्या पावसात भावाने एका हातात छत्री धरून त्या ओघळाच्या दोन्ही कडांना विटा मांडून ठेवल्या. पुढे ढाळ काढताना गवंड्याला वेगळा नकाशा द्यावा लागला नाही. छज्ज्याच्या कडेखाली पागोळ्यांनी मातीत एका ओळीत खळगे पाडले होते. त्याच ओळीवर वीतभर रुंद चर खणून खडी भरली, तेव्हा चिखल उडून नव्या रंगावर उमटणारा तांबडा पट्टाही थांबला.

मातीने मात्र खरा हिसका दाखवला. आईने हौसेने लावलेल्या अनंताची पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. माळ्याने पान उलटसुलट करून पाहिले आणि न बोलता कुदळ मागितली. वीतभर लाल मातीखाली फरशीचे तुकडे, सिमेंटच्या घट्ट झालेल्या खपल्या, सळईची भेंडोळी आणि गुटख्याच्या पुड्या निघाल्या. डेब्रिज वाहून नेण्याचे पैसे आम्ही वेगळे मोजले होते, ही गोष्ट त्या खड्ड्याच्या काठावर सगळ्यांना एकदमच आठवली. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत लोह असूनही अनंत, इक्झोरा यांसारख्या झाडांच्या मुळांना ते घेता येत नाही. वरून कितीही खत घातले तरी उपयोग शून्य. अखेर जिथे झाड लावायचे तिथे दोन-दोन फूट खणून डेब्रिज काढले आणि लाल माती व शेणखत मिसळून खड्डे भरले. बांधकामाच्या हिशेबात माती हा शब्द कुठेच नसतो, हे माझे जुने दुखणे आहे. संगमरवराचे चार नमुने पाहणारा माणूस मातीची एक मूठही हातात घेऊन पाहत नाही.

फरशीवरून वाद लांबेल असे वाटले होते, पण तो लवकर मिटला. शहाबादी दिसायला देखणी खरी, पण सावलीच्या बाजूला शेवाळ धरले की तिच्यावर वयस्क माणसाने चालूच नये. म्हणून ती फक्त उन्हाच्या बाजूला, खरबरीत ठेवून आणि सांध्यांत माती सोडून बसवली.

राहता राहिली झाडे. गुलमोहोर नको, कारण वादळी पावसात त्याच्या फांद्या तुटतात. नारळ गाडीवर नको. पिंपळ तर भिंतीत आपणच उगवतो. राज्यफूल म्हणून मिरवणारा ताम्हण मला फार आवडतो आणि तो मुंबईची हवा उत्तम सोसतो, पण त्याला घेर हवा. शिवाय झाड लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तोडायला लागते; महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा कायदा आपल्या कुंपणाच्या आतल्या झाडालाही लागू आहे. तेव्हा रोपटे जिथे टेकवायचे, तिथे तीस वर्षांनंतरचा बुंधा मनात धरूनच टेकवावे लागते. बकूळ सावकाश वाढते, सावली दाट देते, म्हणून आईचे म्हणणे मान्य होऊन ती फाटकापासून आत, ओघळाच्या कोरड्या बाजूला लागली. हिरवळीऐवजी वहिनीने मोगऱ्याच्या आळ्यांवर समाधान मानले. दुसऱ्या गाडीचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे. भावाच्या मते बकूळ लहान आहे तोवर थोडी सरकवता येईल; आईच्या मते सरकवायला गाडी जास्त सोयीची आहे.