ड्रमभर ज्वारी, टाकीभर पाणी

व्यवस्था कोसळते म्हणजे एका रात्रीत सगळं बंद पडतं, असं चित्र डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. सोलापुरात राहणाऱ्याने उजनीकडे पाहावं. धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं पाणी. पाऊस हुकला की आधी कालव्याचं आवर्तन लांबतं. मग 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे मृतसाठ्यात, ही बातमी येते. मग नळाला आणखी एका दिवसाचा खाडा पडतो, आणि टँकरवाला फोन उचलेनासा होतो. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. वीज, गॅस, किराणा, औषधं यांचंही पुढे असंच होत जाईल असं मला वाटतं. एकदम काही थांबणार नाही, खाडे वाढत जातील. तयारी करायची ती या खाड्यांची.

आणि या तयारीत साठा दुसऱ्या नंबरावर येतो. घरात सहा महिन्यांचं सामान भरून पूर्वीसारखंच जगणाऱ्याचा साठा दोन महिन्यांत उडतो. गरज आधी उतरवायची, मग उतरलेल्या गरजेइतकं भरायचं. दुष्काळी मुलखातली जुनी माणसं हेच करत आली.

पाण्याचा हिशेब सर्वात आधी. आपल्याकडे पारा 43-44 वर जातो, त्या दिवसांत माणशी चार-पाच लिटर नुसतं प्यायला लागतं. स्वयंपाक, भांडी, अर्ध्या बादलीची अंघोळ धरून माणशी 20 लिटरमध्ये भागतं. पाच माणसांना रोज 100 लिटर, म्हणजे हजार लिटरची टाकी दहा दिवस पुरते. मात्र संडासात फ्लश ओढलात तर एका खेपेला आठ-दहा लिटर जातात आणि हिशेब तिथेच मोडतो. अंघोळीचं आणि कपडे खळबळल्याचं पाणी बादलीत धरून संडासला वापरायची सवय घरात आजच लागली पाहिजे. टंचाईत ती लावायला गेलात तर भांडणंच होतात.

गच्चीचं पाणी बहुतेक जण वाया घालवतात. 500 चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की 46 लिटर पाणी. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरा, पाचवा हिस्सा गळती आणि बाष्पात गेला तरी 20 हजार लिटर हाती लागतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यामुळे टाकी मृगाच्या आशेवर ठेवू नका. पण गच्ची आणि पन्हळ मात्र मृगाच्या आधीच घासून घ्या. पहिल्या एक-दोन मिलिमीटरचं पाणी धूळ, पाखरांची विष्ठा आणि पाचोळा घेऊन येतं, ते टाकीत जाता कामा नये. त्यासाठी लोक चार इंची पाइपचा फूट-दोन फुटांचा तुकडा लावतात. इथेच चूक होते. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतात आणि सोडून द्यायचं असतं 50 ते 100 लिटर. पाइपऐवजी 50 लिटरचा ड्रम जोडा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळेल अशी टी (तीन तोंडांचा पाइपजोड) बसवा, आणि ड्रमच्या तळाला बारीक तोटी ठेवा म्हणजे दोन सरींच्या मध्ये तो रिकामा होईल.

साठवलेल्या हजार लिटरला पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. ती थेट टाकीत टाकायची नाही. बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता आणि तासभर थांबा. पावडर उन्हाने आणि दमटपणाने मरते. डबा उघडल्यावर नाकात झिणझिण्या आल्या नाहीत तर ती फेकून द्या. पावडर संपलीच तर सोलापूरचं ऊन कामाला येतं. पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळून नितळ करा, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत भरा आणि पत्र्यावर सहा तास आडव्या ठेवा. आभाळ असेल तर दोन दिवस. गढूळ पाण्यात किरणं आत शिरत नाहीत, म्हणून गढूळ पाणी ठेवून उपयोग नाही.

पाणी साठवणाऱ्या घरात डेंग्यू शिरतो, हे विसरू नका. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करायचं. पण नुसतं रिकामं करून पुन्हा भरलंत तर फायदा नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेघेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. कडा काथ्याने घासा. मोठ्या टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी बांधा.

आता धान्य. इथे सोलापूरकर नशीबवान. आपल्या दाराशी मालदांडी ज्वारी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मालदांडी 35-1 हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. परतीच्या पावसानंतर पेरलेली ही ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर वाढते, कालवा आला नाही तरी पिकते. तांदूळ-गव्हावर घर चालवणं म्हणजे लांबच्या धरणावर आणि लांबच्या ट्रकवर घर चालवणं. दोन वेळची भाकरी ही संकटातली तडजोड मानू नका, आपल्या मातीला तीच परवडते.

एका भाकरीला साधारण 75 ग्रॅम पीठ. पाच माणसं, माणशी रोज चार भाकरी, म्हणजे दीड किलो. महिन्याला 45 किलो, तीन महिन्यांना 135. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ज्वारी दीडशे किलोच्या आसपास मावते. एक ड्रम, एक कुटुंब, तीन महिने. ड्रम घेताना मात्र जपा. भंगारात स्वस्तात मिळणारे बरेच ड्रम रंग आणि रसायनांचे असतात, टॉवेल-चादरींच्या या गावात तर जास्तच. ते कितीही धुतले तरी धान्याला चालत नाहीत. आत काय होतं याची खात्री असलेलाच, खाद्यपदार्थांचा ड्रम घ्या.

ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, रास झाल्यावर घ्या. दाणा दाताखाली धरा. 'कट्' आवाज करून फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. जास्त खात्री हवी असेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर ज्वारी आणि तव्यावर भाजून थंड केलेलं मीठ घालून चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल आहे. मग गच्चीत ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर देऊन तीन दिवस कडक ऊन द्या, दर तासाला हात फिरवत. सोंडकिड्याची अंडी दाण्याच्या आत असतात, वरून धान्य स्वच्छ दिसतं. त्यामुळे चाळून भागत नाही, उन्हानेच ती मरतात. शेवटच्या दिवशी गरम धान्य तसंच भरू नका. रात्री झाकणाच्या आतून घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी धरते. रात्रभर घरात पसरून निवू द्या, पहाटे भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवलेला. हिरवा पाला घालून लोक स्वतःच्या हाताने ओल आत नेतात.

ड्रम गळ्यापर्यंत भरायचा, हवा राहू द्यायची नाही, झाकणाची फट मेणाने बंद करायची. जुन्या पेवाचं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचं, गुपित हेच होतं. धान्य आणि किडे आतला प्राणवायू संपवतात आणि मग किडे गुदमरतात. म्हणूनच पेवात उतरलेली माणसंही दगावली आहेत. गावाकडे कुणी जुनं पेव उघडत असेल तर ते आधी बराच वेळ उघडं ठेवून वारं खेळू द्यावं. मग कंदील दोरीने खाली सोडावा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. तेवत राहिला तरी वर दोर धरून दोघं उभे असल्याशिवाय नाही. ड्रम शहाबादीवर थेट टेकवू नका, खाली विटा आणि फळी द्या. आणि किडीच्या विषारी गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीही, कुणीही सांगितलं तरी घालू नका. त्यांच्या गॅसने झोपेतली माणसं गेली आहेत.

साठवायचा तो दाणा, पीठ नाही. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) आठ-पंधरा दिवसांत जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, पुढे पीठ कडू लागतं. गिरणी विजेवर आहे, म्हणून गल्लीत एक तरी चालतं जातं हवं. खालची तळी, वरची पाळू, मधला खिळा आणि खुंटा, एवढाच कारभार. जुनं जातं मिळालं तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगड खडबडीत करून घ्या, गुळगुळीत झालेलं जातं दाणा दळत नाही, नुसतं सरकवतं. टाकी लावल्यावर पहिलं ओंजळभर दळण टाकून द्या, त्यात दगडाची कच असते. खिळ्यावर चिंधीचं कडं घातलं की पाळू जरा उचलली जाते आणि भरडा निघतो. तूर, हरभरा भरडायला तेच हवं असतं. दीड किलो दळायला सवय नसलेल्या हातांना तासाच्या वर लागतो. महिन्यातून चार वेळा दळा, खांदे तयार होतात.

कडक भाकरी म्हणजे जळण वाचवणारा साठा. जळण हाताशी असलेल्या दिवशी पन्नास-साठ करून ठेवायच्या. ताजं पीठ, कोमट पाणी, मीठ, वर तीळ, आणि भाकरी एकसारखी पातळ थापायची. तव्यावर पाणी फिरवून उलटली की फुगू द्यायची नाही, फडक्याने दाबत राहायचं. मग मंद आचेवर किंवा चुलीच्या निखाऱ्याशी उभी करून वाळवायची. मोडल्यावर मध्यभागी आणि कडेला आवाज एकच यायला हवा. कडेला जाडी राहिली की तिथूनच बुरशी सुरू होते. पूर्ण थंड झाल्यावर डब्यात. महिना-दोन महिने सहज टिकतात. सोबत शेंगाची चटणी असली की जेवण होतं. शेंगदाणे मात्र टरफलासकट साठवा. सोललेले खवट होतात, आणि काळे-हिरवट पडलेले दाणे भाजूनही खाऊ नका, त्यातलं विष भाजल्याने जात नाही. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. हुलगा आणि मटकी भरपूर ठेवा. मोड आणले की मटकी निम्म्या जळणात शिजते, आणि हुलग्याचं माडगं तर वाटीभर पिठात घरभर पुरतं.

जळणात गॅस सिलिंडरला जोड म्हणून पेटीचा सूर्यचूल्हा घ्या. आपल्याकडे पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर वरण-भात दोन-तीन तासांत होतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात, पटकन विझतात, त्यांच्यासोबत गोवरी हवीच. बंद खोलीत चूल किंवा शेगडी नको. धुरापेक्षा न दिसणारा वायू जास्त घातक.

विजेचं थोडक्यात. पाच वॉटचे तीन दिवे, दोन मोबाइल आणि बारा व्होल्टचा एक पंखा, एवढ्याला 100 वॉटचं पॅनेल आणि 40 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पुरते. अट एकच, ती निम्म्याखाली उतरवायची नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते. बॅटरीजवळ फ्यूज टाकायचाच.

रोजच्या गोळ्या महिनाभर पुढच्या ठेवा, जुनी स्ट्रिप आधी संपवत. उन्हाने किंवा जुलाबाने गळालेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका.

हे सगळं कुलूप लावून एकट्याने करता येईल, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं पटत नाही. शेजारची पोरं उपाशी असताना तुमचा ड्रम तुमचा राहत नाही, राहूही नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार रयतेला उघडून दिलं, ही कथा इथल्या घराघरांत सांगितली जाते. तिच्यात वाढलेल्या माणसांनी निदान गल्लीचा हिशेब करावा: जातं कुणाकडे, चुलीला जागा कुठे, बोअरला हातपंप बसतो का, सुईण किंवा नर्स कुठल्या घरात राहते, एकटी म्हातारी माणसं किती. पाच घरांनी पाच ड्रम भरले आणि एकाला कीड लागली तर चार उरतात.

शेवटी सराव. महिन्यातून एका रविवारी चोवीस तास नळाचा कॉक, मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. तेव्हा कळतं की हौदातलं पाणी मोटरशिवाय वर येत नाही आणि घरात दहा फूट दोरी नाही. हौदाचं लोखंडी झाकण आजीला उचलत नाही. काडेपेटी दमट आहे. सूर्यचूल्ह्यावर बारा वाजता शेजारच्या इमारतीची सावली येते. एकेक गोष्ट कागदावर लिहा, आठवडाभरात दुरुस्त करा, आणि एक तरी सराव मे महिन्यातल्या रविवारी ठेवा.