हरकत एकही नाही

औद्योगिक न्यायालयात अन्वेषण अधिकारी नावाचं एक पद असतं. नाव ऐकून लोकांना सीआयडी आठवते, काम मात्र पावत्या मोजण्याचं. कारखान्यातल्या कोणत्या युनियनला ‘मान्यताप्राप्त’ म्हणायचं हे महाराष्ट्रात १९७१ च्या एका कायद्याने ठरतं. त्याचं पूर्ण नाव कोणी घेत नाही, कोर्टात सगळे एमआरटीयूच म्हणतात. अट अशी की, ज्या महिन्यात अर्ज केला त्याच्या आधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार त्या युनियनचे सभासद असले पाहिजेत. आहेत की नाहीत हे बघायला न्यायाधीश जात नाहीत, आम्हाला पाठवतात. आम्ही पावतीपुस्तकं, कॅशबुक आणि कारखान्याचं मस्टर समोरासमोर ठेवतो, थोड्या कामगारांना एकेक करून बोलावून विचारतो आणि अहवाल देतो. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं.

हे प्रकरण १९९७ च्या पावसाळ्यातलं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत तेव्हा अजून कारखाने होते. त्यातला हा एक, इंजिनिअरिंगचा. नाव लिहीत नाही. कामगार साडेचारशेच्या आसपास, मशिनं जुनी, आवार मात्र ऐसपैस. त्या भागात ‘मशिनं जुनी आणि आवार मोठं’ एवढं ऐकलं तरी पुढचं काय ते कळायला लागलं होतं.

त्याच वर्षी १६ जानेवारीला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांना पवईत, घरापासून जवळच, भरदिवसा गोळ्या घातल्या होत्या. त्याआधी मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव महालक्ष्मीला गाडीतच मारले गेले होते. पुढारीही मरत होते आणि मालकही. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, त्यांची बेकार पोरं टोळ्यांत गेली, हे आता सगळे सांगतात. टोळ्या युनियनच्या कचेरीत कशा आणि का शिरल्या, याबद्दल तितकं बोललं जात नाही.

त्याचं उत्तर सातबाऱ्यात आणि कायद्यात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी बाजारात यायची वाट निघाली, आणि मग गिरण्यांबाहेरच्या मालकांनाही आपल्या पायाखाली काय आहे ते दिसायला लागलं. पण तेव्हा शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागायची, आणि ती सहजासहजी मिळत नसे. यातून पळवाट एकच. मान्यताप्राप्त युनियनशी करार करायचा, सगळ्यांनी ‘स्वेच्छेने’ निवृत्ती घ्यायची. कामगारच उरले नाहीत तर परवानगी कोणासाठी मागणार? मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सगळ्यांच्या गळ्यात पडतो, सभासद असो वा नसो. म्हणजे एका जनरल सेक्रेटरीच्या सहीला अख्ख्या जमिनीचा भाव आला. ती सही कोणाच्या खिशात, एवढाच प्रश्न उरला. शिवाय भंगाराचा ठेका, कँटीन, ट्रान्सपोर्ट ही वरकमाई वेगळीच.

तर या कारखान्यात जुनी युनियन होती. तिचा सेक्रेटरी लेथवर काम करणारा. मान्यता तिच्याकडे होती आणि बोनसच्या वेळी बरी भांडायची म्हणे. १९९६ च्या शेवटी एक नवी युनियन रजिस्टर झाली. तेव्हा १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे सात जणांच्या सह्या पुरत. २००१ च्या दुरुस्तीनंतर ते जरा अवघड झालं. त्याच कायद्याने निम्मे पदाधिकारी बाहेरचे असू शकत. नव्या युनियनचा अध्यक्ष बाहेरचा होता. भांडुपपासून विक्रोळीपर्यंत त्याला सगळे भाई म्हणत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तुरुंगात गेलेल्याला सुटल्यापासून पाच वर्षं पदाधिकारी होता येत नाही, असं कलम आहे. भाईवर गुन्हे किती हे पोलिसांना पाठ होतं, पण शिक्षा एकाही गुन्ह्यात नव्हती. कायद्याच्या लेखी माणूस धुतल्या तांदळासारखा.

जून १९९७ मध्ये नव्या युनियनने अर्ज केला, जुनीच्या जागी आम्हाला मान्यता द्या म्हणून. कोर्टाने नोटीस काढली. जुन्या युनियनचं उत्तर एका ओळीचं आलं, ‘आमची हरकत नाही.’ कंपनीची हरकत नाही. नोटीस गेटवर लावून कामगारांकडून हरकती मागवल्या, तिथेही एक नाही. इतकं बिनविरोध प्रकरण माझ्या टेबलावर क्वचितच आलं असेल. आमच्याकडे एरवी वर्गणी आठ आणे की रुपया यावरूनही वकील तासभर भांडतात.

जुलैत एका सकाळी शिपायाला घेऊन कारखान्यात पोचलो. पाऊस लागून राहिला होता. पर्सनल मॅनेजरने टाईम ऑफिसच्या मागची खोली दिली. टेबलावर पावतीपुस्तकांची चळत आधीच मांडून ठेवलेली. युनियनचा उपाध्यक्ष दारात उभा होता. तो म्हणजे जुन्या युनियनचा तोच लेथवाला सेक्रेटरी. मी म्हटलं, “तुम्ही इकडे कधी आलात?” तो म्हणाला, “कामगारांच्या हितासाठी, साहेब.” मी विचारलं होतं कधी, त्याने सांगितलं कशासाठी. मी पुन्हा विचारलं नाही.

पावत्या व्यवस्थित होत्या, जरा जास्तच व्यवस्थित. डिसेंबर ते मे, चारशेच्या वर सभासद, प्रत्येकाचा टोकन नंबर, स्थळप्रतीवर शिक्का सरळ. खऱ्या युनियनची पावतीपुस्तकं अशी नसतात. कोपरे चहाने डागळलेले, मधेच एक पावती रद्द, दोन महिन्यांची वर्गणी एकदम भरलेली, कोणाचं नाव खोडून दुसऱ्याचं, असं काहीतरी असतंच. आणि मान्यतेला किमान तीस टक्के लागतात, म्हणजे इथे एकशे पस्तीसच्या आसपास, आणि जुन्या युनियनपेक्षा जास्त. चारशे कशाला? पण ज्याचा धंदाच वचक बसवण्याचा, त्याला कमी आकड्यात समाधान नसतं.

मी पुस्तक उलटसुलट करत होतो. स्थळप्रतीच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत प्रेसचं नाव होतं आणि पुढे ‘५०×१००–५/९७’. छापखानेवाले स्वतःच्या हिशेबासाठी असं टाकतात: शंभर पावत्यांची पन्नास पुस्तकं, मे सत्त्याण्णव. आणि वर पावतीवर तारीख ७ डिसेंबर १९९६. दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे ५/९७.

मी शिपायाला दार लोटायला सांगितलं आणि यादीतून मधली मधली नावं काढून कामगार बोलवायला लागलो.

“युनियनचे सभासद आहात?”

“हो साहेब.”

“कधीपासून?”

“डिसेंबरपासून.”

हे सगळ्यांचं एकसुरात आलं. पुढचा प्रश्न मात्र त्यांच्याकडून घोकून घ्यायचा राहून गेला होता. “महिन्याला वर्गणी किती भरता?” एक म्हणाला पाच रुपये, एक म्हणाला दहा. एक म्हणाला पगारातून कापतात. तशी कपात त्या कारखान्यात नव्हतीच. प्रेस शॉपमधला एक पोरगा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे मान वाकडी करून बघायला लागला. म्हणाला, “पावतीवर किती लिहिलीय, साहेब?”

टूलरूममधले एक मामा आले, रिटायरमेंटला टेकलेले. ते खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, “साहेब, तुम्ही आज येताय, संध्याकाळी जाताय. मी गेटच्या समोरच्या चाळीत राहतो. मी सभासद आहे असं लिहा.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही सांगाल तेच लिहीन.” “मग सांगितलं की.” त्यांनी जबाबाखाली सही केली, पेनाचं टोपण लावून पेन सरळ ठेवलं आणि गेले. तो जबाब मी जसाच्या तसा अहवालाला जोडला, ‘मी सभासद आहे’ एवढाच. चाळीचं वाक्य त्यांनी मला सांगितलं होतं, कोर्टाला नव्हे.

जेवणानंतर भाई आला. सोबत युनियनचा वकील आणि दोन पोरं. पांढरा शर्ट, कपाळाला अंगारा, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. आधी माझ्या शिपायाला विचारलं, जेवलास का. मग मला म्हणाला, “साहेब, रोजची ५:५२ ची ठाणे स्लो धरता ना? आज कुर्ल्याला पाणी भरेल. लवकर निघा. पोरं सोडतील स्टेशनला.” मी कोणती गाडी धरतो हे माझ्या सख्ख्या भावालाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, “काम झालं की निघतो.”

मी ५/९७ वर बोट ठेवलं. वकिलाने वाचलं आणि क्षणात उत्तर तयार केलं: जुन्या पावत्या कचेरीत पाणी शिरून भिजल्या, म्हणून नव्या पुस्तकात उतरवून काढल्या. मी विचारलं, पाणी कधी शिरलं? “या जूनमध्ये, पहिल्या पावसात.” मी म्हटलं, “म्हणजे जूनमध्ये भिजणार म्हणून तुम्ही मे महिन्यातच नवी छापून ठेवलीत.” वकील गप्प. माझा शिपाई खोकला. तो हसू दाबताना खोकतो हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी त्याने खोकू नये असं मला फार वाटलं.

भाईने पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, ती ओळ शोधून वाचली. पोराकडे बघून म्हणाला, “कोणी छापल्या रे?” पोरगा काही बोलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुमचं बरोबर आहे, साहेब. दिसतंय ते लिहा.” मी धमकीच्या तयारीत बसलो होतो. त्यापेक्षा हे जड गेलं. त्याने वकिलाला बाजूला सारलं आणि मलाच विचारायला लागला, “सहा महिने सलग लागतात ना? वर्गणी दर महिन्याला? पावती त्याच तारखेची? कमिटीची मीटिंग किती दिवसांनी?” तीन महिन्यांत एकदा तरी, मी सांगितलं, आणि वर्षातून एकदा ऑडिट. कायद्यात छापलेलंच आहे, विचारलं तर सांगणं भाग. एका पोराने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

अहवाल दिला. कोर्टाने अर्ज फेटाळला. सहा महिन्यांचं सभासदत्व सिद्ध झालं नाही. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली, छापखान्याच्या ओळीचा किस्सा बरेच दिवस कँटीनमध्ये चालला. ठाणे स्लो मी काही आठवडे सोडली, बसने गेलो. पुढे नियमाप्रमाणे माझी बदली झाली.

वर्ष उलटल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला. तपासणी माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने केली, चांगला काटेकोर माणूस. अहवाल त्यानेच मला दाखवला. या वेळी वर्गणी खरंच दर महिन्याला गोळा झाली होती, पगाराच्या दिवशी, गेटवर टेबल टाकून. पावत्या त्या-त्या तारखेच्या. मीटिंगांची इतिवृत्तं होती, ऑडिट होतं. बोलावलेल्या प्रत्येक कामगाराला वर्गणी किती हे अचूक माहीत होतं. काही कोपऱ्यांवर चहाचे डागही होते. मी त्याला म्हटलं, मी असतो तरी हेच लिहिलं असतं. तपासणीच्या नमुन्यात सभासद किती हा रकाना आहे, तो कशाला झाला हा नाही. बळजबरी झाली असं कोणी जबाबात सांगितलं तर कोर्ट बघतं, पण समोरच्या चाळीत राहणारा कोण सांगणार?

मान्यता मिळाली. दोन वर्षांत करार झाला, स्वेच्छानिवृत्ती झाली, कारखाना बंद. आज तिथे टॉवर आहे. दत्ता सामंतांच्या खटल्यात छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटल्याची बातमी वाचली तेव्हा ते मामा आठवले. करारानंतर ते मला ग्रॅच्युइटीचा हिशेब विचारायला आले होते. कागद पाहिला तर हिशेबात खोट नव्हती. फक्त हातात आलेल्या रकमेतून ठरावीक टक्का ‘युनियन फंड’ म्हणून वळता झाला होता, सगळ्यांचाच. मी विचारलं, याची पावती मिळाली का? मामांनी पिशवीतून काढून दाखवली. तारीख बरोबर होती.