मोत्याची वेल आणि आमची नर्सरी

आमची नर्सरी उरुळी कांचनच्या पुढे, सोलापूर रस्त्याला लागून. वडिलांनी ती गुलाबाचे डोळे भरून, म्हणजे कलमं करून, उभी केली. मी कामात उतरले तेव्हा आमच्याकडे सक्युलंटचं, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांचं, एकही रोप नव्हतं. एकदा पुण्याच्या एका ताईंनी कागदात गुंडाळलेली वीतभर वेल आणली. दोऱ्यात हिरवे वाटाणे ओवल्यासारखी. म्हणाल्या, "एवढी वाढवून द्याल का?" ती स्ट्रिंग ऑफ पर्ल्स. आमच्याकडे कामाला असलेल्या बायका तिला पहिल्या दिवसापासून मोत्याची वेल म्हणतात. पाटीवरही आम्ही तेच लिहितो.

सुरुवातीला सगळं चुकलं. लोंबणारी वेल म्हणून छताशी टांगली, गुलाबाचीच माती आणि शेणखत भरलं, पाणी रोज. पावसाळा लागला आणि आठवड्याभरात ऐंशी टोपल्या गेल्या. मणी आधी काचेसारखे दिसायला लागले, मग नुसता हात लावला तरी फुटून बोटांना चिकटायचे. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. टोपल्या खताच्या खड्ड्यात रिकाम्या करताना मात्र मला रडू आवरेना.

मग वाचायला बसले. ही वेल दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधली. हर्मन याकोबसेन यांनी 1968 साली ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक गॉर्डन राउली यांच्यावरून तिला शास्त्रीय नाव दिलं. पण माझे डोळे उघडले ते वेगळ्याच गोष्टीने. तिच्या मुलखात ती लोंबत नाही. झुडपांच्या, दगडांच्या आडोशाने जमिनीवर सरपटते आणि खोड मातीला टेकेल तिथे मूळ धरते. आम्ही तिला मातीपासूनच तोडलं होतं!

तेव्हापासून कटिंग उभं खोचणं बंद. पसरट कुंडीत विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरायचं, वेल वेटोळं करून वर आडवी ठेवायची आणि केसाच्या पिनेने जागोजागी टेकवायची. दोन-तीन आठवड्यांत पेरापेराला मुळं सुटतात. कुंडी वरून गच्च भरली की मगच माळा काठावरून खाली सोडायच्या.

एक मणी उन्हाकडे धरून बघा. एका बाजूला गडद, अर्धपारदर्शक रेघ दिसेल. ती त्या पानाची खिडकी. हो, मणी म्हणजे पानच. गोल असल्यामुळे त्यातून पाणी कमी उडतं, आणि आतल्या हिरव्या भागाला उजेड मिळतो तो या खिडकीतून. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही आधी विचारतो, टोपली कुठे टांगणार? छताला चिकटून टांगली तर कुंडीच्या माथ्यावर उजेड पडत नाही, वेल वरून टकली होते आणि दोष नर्सरीला लागतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हात पोचणार नाही अशी जागा आम्हीच सुचवतो, कारण ही वेल पोटात गेली तर विषारी आहे.

पाण्याचं वेळापत्रक आम्ही भिंतीवरून काढून टाकलं. मावशी मणी दोन बोटांत दाबून बघतात. टणक लागला तर पुढे चालायचं, मऊ पडला तर पाणी. जून ते सप्टेंबर सगळा माल छपराखाली, पंख्याच्या वाऱ्यावर. मे महिन्यात दुहेरी शेडनेट. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड, ती दर सोमवारी कापसाच्या बोळ्याने टिपायची. हे काम मशीनने होत नाही, म्हणून आमची टोपली शेजारच्यांपेक्षा थोडी महाग असते. आणि मुळं धरल्याशिवाय एकही टोपली बाहेर जात नाही.

थंडी सरताना पांढरी, बारीक फुलं येतात. त्यांना दालचिनीचा वास असतो. पहिल्यांदा तो वडिलांनाच आला. गुलाबाच्या वाफ्यातून उठून ते शेडमध्ये आले आणि कुठे मसाला सांडलाय ते शोधायला लागले.

यंदा आम्ही बदामाच्या आकाराच्या पानांची सेरोपेजिया वुडी ही आणखी एक वेल घेतली आहे. तीही दक्षिण आफ्रिकेची, पण आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या भावकीतली. तिच्या वेलीवर पेरापाशी छोट्या गाठी धरतात. पहिली शंभर कटिंगं गेल्या आठवड्यात लावली, सगळी मातीवर आडवी.