स्टाइनबेक पाहायचा तर आधी सॅलिनासला उतरा

पाहुण्यांना मॉन्टरेला न्यायचं, कॅनरी रोवर फोटो काढायचे आणि अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक पाहून झाला म्हणायचं, असं सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मंडळींचं बरेचदा होतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे: १०१ नंबरच्या हायवेवरून त्याच्या गावी, सॅलिनासला उतरा आणि निम्म्याहून जास्त दिवस तिथेच काढा. सॅन होजेहून साधारण शंभर किलोमीटर आहे.

सकाळी लवकर निघा, कारण शेतातलं काम तेव्हाच दिसतं. रस्त्याकडेला मजुरांच्या बस उभ्या असतात, मागे फिरती शौचालयं जोडलेली. हुडीवर टोपी, तोंडाला रुमाल. वाकून एका हाताने लेट्यूसचा गड्डा धरायचा, दुसऱ्याने बुंध्याशी सुरी चालवायची, बाहेरची पानं झटकायची की गड्डा खोक्यात. आम्ही पाहत होतो तेवढ्या वेळात कुणी कंबर सरळ करायलाही थांबलं नाही. स्टाइनबेक कशाने पेटून लिहीत होता, ते मला इथे कळलं.

१९३६ साली इथला लेट्यूस कामगारांचा संप मोडून काढला गेला. त्यावर त्याने उपहासाने एक कादंबरी लिहिली, ती मनास येईना म्हणून स्वतःच नष्ट केली, आणि १९३८ मध्ये पाचेक महिन्यांत ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी लिहून काढली. पुढच्या वर्षी ती आली तेव्हा कॅलिफोर्नियातल्याच कर्न काउंटीने ग्रंथालयांत तिच्यावर बंदी घातली. सॅलिनासच्या बागायतदारांचाही या गावच्या पोरावर राग होता. आज गावचं ग्रंथालय त्याच्याच नावाचं आहे.

१३२ सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू हे त्याचं जन्मघर (२७ फेब्रुवारी १९०२). १९७४ पासून स्वयंसेवक इथे दुपारच्या जेवणाचं रेस्टॉरंट चालवतात. ते रोज उघडं नसतं, तेव्हा आधी फोन करा आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगून ठेवा. गावातल्या टॅकेरियांत (टाको मिळणाऱ्या मेक्सिकन खानावळींत) मात्र बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, हे विचारूनच घ्या.

इथून चालत काही मिनिटांवर, मेन स्ट्रीटच्या टोकाला, नॅशनल स्टाइनबेक सेंटर आहे. वेळ कमी असेल तर सरळ ‘रोसिनान्ते’कडे जा. १९६० मध्ये चार्ली नावाचा पूडल सोबत घेऊन तो ज्या ट्रकमधून अमेरिका फिरला, तोच हा हिरवा ट्रक. त्या प्रवासावर त्याने लिहिलेल्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या पुस्तकातले कित्येक प्रसंग रचलेले असावेत, असं अलीकडे पुढे आलं आहे. मला ते खुपलं, कारण ते सत्यकथा म्हणून छापलं गेलं होतं. पण कादंबरीकाराची किंमत त्यावरून ठरवणंही मला पटत नाही. १९६२ चं नोबेल मिळालं तेव्हाही न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती. तुम्ही पात्र आहात का असं विचारल्यावर, खरं सांगायचं तर नाही, असं तो म्हणाला. पुढे व्हिएतनाम युद्धाची बाजू घेतल्यावर डावे वाचकही दुरावले. सर्वसामान्य वाचकांनी मात्र त्याला सोडलेलं नाही.

गार्डन ऑफ मेमरीज दफनभूमीत त्याच्या अस्थी आहेत. जमिनीलगतची साधी पाटी असल्यामुळे सहज नजरेतून सुटते. आईकडच्या हॅमिल्टन कुटुंबाची जागा शोधा. त्याच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ कादंबरीतले हॅमिल्टन ते हेच.

मग ६८ नंबरच्या रस्त्याने अर्ध्या तासात मॉन्टरे. तिथल्या ओशन व्ह्यू अ‍ॅव्हेन्यूला स्टाइनबेकच्या कादंबरीवरून कॅनरी रो हे नाव १९५८ मध्ये दिलं गेलं. दुकानांच्या गर्दीत ८०० क्रमांकाची लाकडी इमारत शोधा: स्टाइनबेकचा जिवलग मित्र, सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्सची प्रयोगशाळा. आत जाता येतं ते ठरावीक दिवशीच. १९४८ मध्ये रिकेट्सच्या गाडीला ट्रेनने उडवलं, ते जवळच. तिथे त्याचा अर्धपुतळा आहे.

जुलै-ऑगस्टमध्येही जाकीट हवंच. सकाळी धुकं असतं आणि दुपारनंतर समुद्राकडून बोचरा वारा सुटतो. परतताना उजेड शिल्लक असेल तर सॅन हुआन बॉटिस्टाहून फ्रिमॉन्ट पीककडे वळा. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पेट्रोल खालीच भरून घ्या. शेवटचा चढ पायी आहे. वर धुकं नसेल तर अख्खं सॅलिनासचं खोरं आणि मॉन्टरेचा उपसागर एकदम दिसतो.