कुंपणावरचा अडुळसा

गोव्यात पाऊस लागला की भिंतीला बुरशी, पापडाला मऊपणा आणि घशाला खोकला, तिन्ही एकदमच येतात. मग ज्याचं त्याचं औषध बाहेर निघतं, कुणी सुंठ-मिरी-पिंपळी मधातून चाटतं (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको हां), कुणी ज्येष्ठमध चघळतं, जे मला मनापासून आवडतं कारण त्यात औषध कमी आणि चॉकलेट जास्त. शेजारचे अंकल साखर करपवून त्यात फेणी ओततात, म्हणे छाती मोकळी होते. छातीचं माहीत नाही, तोंड मात्र मोकळं होतं, रात्री अकरापर्यंत गप्पा चालू.

पण खरा मान अडुळशाचा. आमच्याकडे तो कुंपणालाच लावतात, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुरांना जे कळतं ते आमच्या आईला का कळत नाही, हा माझा लहानपणचा प्रश्न. पानं तव्यावर शेकून, पिळून काढलेला तो हिरवा रस, वर थोडा मध, पण मधाचा काही इलाज चालत नाही, कारलं परवडलं.

पणजीतल्या चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज डॉक्टर, इथल्या वैद्यांना विचारून विचारून त्याने औषधी वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. म्हणजे काढा कसा करतात हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरायची सवय इथे जुनीच.

आणि गंमत बघा, कफ सुटायला फार्मसीतून आपण जे सिरप आणतो त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर ब्रोमहेक्झिन नाहीतर अँब्रॉक्सॉल लिहिलेलं असतं. ब्रोमहेक्झिन तयार झालं ते अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या घटकावरून, आणि अँब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्झिनचंच शरीरात होणारं पुढचं रूप. म्हणजे कुंपणावरचं पान लॅबमध्ये जाऊन, गोड होऊन, बिल घेऊन परत आलं! मी तरी सिरपच घेते, मोजून पाच मिली, कडू नाही, कटकट नाही. आणि दोन आठवडे खोकला हटला नाही तर सिरप पण बाजूला ठेवून टीबीसाठी थुंकी तपासून घ्यायची, तिथे हट्ट नको.

हे व्हॅसिसीन पुराण मी आईला मोठ्या कौतुकाने ऐकवलं. ती म्हणाली, मग बाटलीला पैसे कशाला घालवतेस, जा, चार पानं तोडून आण.