लाटण्याचं विमान

तुळशीबागेत भातुकलीचं लाटणं सुटं मिळत नाही. पोळपाट, परात, खलबत्ता, रवी असा सगळा संसार बरोबर घ्यावा लागतो. मी दुकानदाराला म्हटलं, "मला फक्त लाटणं द्या." त्यांनी आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "अहो मावशी, नातीला नुसतं लाटणं दिलंत तर ती लाटणार कशावर?" बिनतोड मुद्दा होता. लाटणं नातीसाठी नाही, विमानासाठी हवंय, हे मागे उभ्या असलेल्या बांगड्यांच्या गिऱ्हाइकांसमोर सांगायचा धीर काही झाला नाही. मुकाट्याने अख्खा संच घेतला.

पोळ्या करताना सुचलेली गोष्ट ही. आपलं लाटणं मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं. हवेतून जोरात जायचं असेल तर शरीर कसं हवं, हे त्या लाकडाला आधीच ठाऊक असल्यासारखं. भातुकलीतलं भरलं नऊ सेंटीमीटर. विमानांची छोटी मॉडेलं करतात त्या १/७२ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, नऊ सेंटीमीटर म्हणजे साडेसहा मीटर, एका माणसाच्या शर्यतीच्या विमानाला अगदी बेताचं.

विमान मात्र कुठलंच नव्हतं. म्हणजे जगात ते कधी बनलेलंच नाही. विजेवर चालणारं, एकटीने बसायचं, शर्यतीत उतरायचं विमान मी मनातल्या मनात तयार केलं होतं. त्याचं मूळ आमच्या विजेच्या स्कूटरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी ती घेतली आणि कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटताच मी, आवाज न करता, शेजारच्या बुलेटच्या पुढे निघून गेले. मोटरचा सगळा जोर पहिल्या क्षणापासून हाताशी असतो, ती इंजिनासारखी आधी तापत-गुरगुरत बसत नाही. त्या चार सेकंदांची चटक लागली. पंचावन्नाव्या वर्षी रस्त्यावर शर्यत लावणं शोभत नाही, म्हणून विमान. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नसल्यामुळे रोज रात्री मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडते, पूर्वी वाड्यात भाजीवाल्यासाठी टोपली सोडायचे तशी.

वाड्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दिवाळीचा किल्ला मुलगे करायचे. मला हळीव पेरायला द्यायचे. माती कालवायची त्यांनी, बुरूज त्यांचे, गुहा त्यांची आणि मी आपली चिमटीने हळीव टाकत बसायचे. तेव्हापासून एक गोष्ट खुपायची. आमचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच असत आणि गवळण बुरुजाला टेकून उभी राहिली तर बुरूजच पडेल अशी. मी एकदा बोलून दाखवलं, तर माझ्याकडचे हळीवही काढून घेतले.

१/७२ मध्ये असला अन्याय चालत नाही. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. मी विमानाच्या पंखांचा पसारा ७.२ मीटर धरला, कारण त्याचे दहा सेंटीमीटर होतात आणि मला गणित सोपं लागतं. काल्पनिक गोष्टीचा हा फायदा. खऱ्या विमानाचं मॉडेल केलं की कोणीतरी भिंग घेऊन येतो आणि सांगतो की रिव्हेट एक ओळ कमी आहे. माझ्या विमानाला रिव्हेट किती, हे मी ठरवणार.

पहिले दोन आठवडे या स्वातंत्र्याचा आनंद होता. मग कळलं की ज्याचा मूळ फोटोच नाही, त्याच्याबद्दलच्या सगळ्या शंकांची उत्तरं आपल्यालाच द्यावी लागतात.

पहिली शंका बॅटरीची. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा हजार वॉट-तास ऊर्जा असते, आणि चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोला अडीचशेच्या आसपास. मोटर त्यातली बहुतेक कामाला लावते आणि इंजिन निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं हे खरं, तरी दरी दरीच राहते. म्हणजे बॅटरी जड असणार आणि ती लाटण्याच्या बरोबर पोटात, पंखांच्या जवळ ठेवावी लागणार. शेपटीकडे गेली तर विमान नाक वर करून बसेल. शिवाय पेट्रोलचं विमान उडता उडता हलकं होत जातं, हे नाही. जेवढं वजन घेऊन वर जाईल, तेवढंच घेऊन खाली आदळेल. हे लक्षात आलं तेव्हा मी टाचण्यांचे नाजूक पाय लावून मोकळी झाले होते. उपटले. त्याजागी गॅलरीत वाळत घालायच्या तारेचे जाड पाय केले. नवऱ्याने विचारलं, "का गं, चांगले दिसत होते की?" मी म्हटलं, "वजन पेललं नसतं." तो बराच वेळ त्या सुपारीएवढ्या वजनाच्या वस्तूकडे बघत राहिला.

दुसरी शंका उष्णतेची. विजेचं आहे म्हणजे थंडच, असं मलाही वाटायचं. पण भरधाव वीज ओढली की सेल तापतात, आणि त्यांना फार तापू देता येत नाही. इंजिनाचं पाणी शंभर अंशांपर्यंत गेलं तरी चालतं, त्यामुळे त्यातली उष्णता हवेत पटकन निघून जाते. बॅटरी जेमतेम कोमट ठेवायची, तर तिच्यात आणि बाहेरच्या हवेत फरकच थोडा, म्हणून रेडिएटरला पृष्ठभाग मोठा लागतो. आणि शर्यतीच्या विमानाला पोटाखाली मोठं तोंड दिलं की वेग गेलाच.

इथे १९३१ सालचं सुपरमरीन एस ६ बी मदतीला आलं. श्नायडर करंडकाच्या शर्यतीसाठी रेजिनाल्ड मिचेलने, पुढे दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे लढाऊ विमान ज्याने आखलं त्यानेच, हे पाण्यावर उतरणारं विमान केलं होतं. त्याला वेगळा रेडिएटर लटकवलेलाच नव्हता. पंखांचं कातडंच दुहेरी होतं आणि त्यातून इंजिनाचं गरम पाणी खेळवलेलं होतं. अख्खं विमानच रेडिएटर! मी ही युक्ती निर्लज्जपणे उचलली. माझे पंख पितळी रंगाचे आहेत ते हौस म्हणून नव्हे.

या शोधाशोधीत एक मजा सापडली. एस ६ बीने १९३१ च्या शर्यतीत ताशी ५४७ किलोमीटरची सरासरी गाठून करंडक कायमचा घरी नेला. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या 'स्पिरिट ऑफ इनोव्हेशन' या विजेच्या विमानाने इंग्लंडमध्ये तीन किलोमीटरच्या पट्ट्यावर विक्रम केला तो ५५५.९ चा. त्याच्या पोटात ६,४८० सेल होते. नव्वद वर्षं आणि वरचे नऊ किलोमीटर. (मिचेलच्या विमानाने १९३१ च्या त्या शर्यतीच्याच महिनाअखेरीस सरळ रेषेत ६५५ गाठले होते, ते मी सध्या सोयीस्करपणे बाजूला ठेवते.) विजेवर माणूस पहिल्यांदा उडाला त्यालाही फार दिवस झाले नाहीत. ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियात एका मोटर लावलेल्या ग्लायडरमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या घालून ते काही मिनिटं जमवलं गेलं. लहानपणी काकांनी हडपसरला ग्लायडर दाखवायला नेलं होतं. दोराने ओढून वर गेलेलं ते पांढरं विमान दोर सोडतं आणि एकदम गप्प होतं, ती शांतता अजून आठवते. माझ्या विमानाचा आवाज मी तसाच धरलाय, फक्त पुढे पंख्याची सुरसुर.

कल्पनेतल्या विमानांचं आपल्याकडे तसं कौतुकच आहे. शेजारचे काका परवा म्हणाले, "हे सगळं आपल्या वैमानिक शास्त्रात आहे." प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या संस्कृत ग्रंथातल्या आकृत्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासल्या होत्या आणि यातलं काहीच उडणार नाही असा निर्वाळा दिला होता. मी काकांना हे सांगितलं नाही. माझ्या लाटण्याची त्या मंडळींनी काय गत केली असती, हा विचार मनात आला.

बाकी कामाचं म्हणाल तर घरातलंच घरात. पंख मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाचे. कार्डाची जाडी ०.७६ मिलीमीटर, गुणिले ७२ म्हणजे साडेपाच सेंटीमीटर, वेगवान पंखाला साजेशी. पंख्याची पाती श्रीखंडाच्या डब्याच्या गोल भिंतीतून तिरपी कापली. डब्याच्या गोलाईमुळे पात्याला आपोआप पीळ बसतो, रबराच्या दोरीवर विमानं उडवणाऱ्यांची ही जुनी खुबी. सांधे भरायला झटपट चिकटणारा गोंद आणि त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा. तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो आणि चांगलाच तापतो. तर्जनी आणि अंगठा एकमेकांना चिकटवून मी एका रविवारी दुपारभर ध्यानमुद्रेत होते. मग पॉलिश पेपर, आधी २२० नंबर, मग चारशे, मग बाराशे पाण्यात भिजवून.

कॉकपिटच्या काचेने मात्र छळलं. तीन वेळा फसली. पाण्याची बाटली तापवली की ती आकसून साच्यावर बसते, एवढं माहीत होतं. पण साचा कशाचा? मेणबत्ती वितळली. खडूचा पृष्ठभाग काचेवर उमटला. आठवडाभर डोक्यात तेच. शेवटी संकष्टीला खारीक खाताना दाताखाली बी आली, ती बाहेर काढून पाहिली तर लांबट, दोन्हीकडे निमुळती, एका बाजूला चीर. चीर खाली करून तारेला चिकटवली, बाटलीच्या तुकड्यात सरकवली आणि गॅसच्या धगीपासून अंतर राखून फिरवत राहिले. प्लास्टिक आधी दूध नासल्यासारखं आक्रसलं आणि मग एका क्षणी बीला घट्ट बिलगलं. कापून काढली तर थेंबासारखी स्वच्छ काच. मी ती तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरले. घरात नवराच होता, त्याला दोनदा दाखवली.

"उडतं का पण?" हा त्याचा कायमचा प्रश्न. कोथरूडच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातल्या गाड्या निदान धावतात तरी, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की हे स्थिर मॉडेल आहे. "म्हणजे शोपीस," तो म्हणाला. या शब्दाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

रंगाला आधी करडा प्रायमर दिला. प्रायमर म्हणजे सासूबाईंची नजर, झाकलेला एकेक खड्डा दाखवते. पुन्हा घासलं. मग अंगाला वांगी रंग. पेट्रोलच्या विमानांच्या मॉडेलवर पेन्सिलीचं शिसं घासून धुराचे काळे ओघळ काढतात, मला त्यात गोडी आहे, पण इथे धूरच नाही. नुसतं स्वच्छ विमान खोटं दिसतं, म्हणून पंखांच्या पुढच्या कडेवर सुईच्या टोकाने चिरडलेले किडे काढले. शेपटीजवळ विजेच्या गाड्यांची असते तशी हिरवी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत १२. एमएच १२ मधले बारा. तुळशीबागेतल्या संचातला पोळपाट उताणा ठेवून त्यावर विमान उभं केलं. दुकानदाराचं बरोबरच होतं, लाटण्याला पोळपाट लागतोच.

गेल्या बुधवारी सगळं संपलं. विमान टीव्हीशेजारी ठेवून, समाधानाने दोन कप चहा पिऊन, रात्री दहाला नेहमीप्रमाणे गॅलरीत गेले. वायर खाली सोडली, खाली उतरले, स्कूटरचं झाकण उघडलं, प्लग लावला. आणि झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

सहा महिने बॅटरीचं वजन, बॅटरीची जागा, बॅटरीची उष्णता. ती चार्ज कुठून करायची, हे मी काढलंच नव्हतं.

वर येऊन चष्मा लावला, दिवा ओढला, सुई घेतली. वांगी रंगावर तीन मिलीमीटरचा चौकोन कोरायचा, कॉकपिटच्या मागे. कोणत्या बाजूला? स्कूटरचं झाकण उजवीकडे आहे आणि आमची वायर डावीकडून येते, त्यामुळे रोज गाडी उलटी लावावी लागते. मी डावीकडे कोरला.