उतरायला शिकतोय

२ मार्च, रविवार

अप्पांना आज शेवटी सांगून टाकलं. निफाडला द्राक्षांची काढणी चालू आहे. कॅरेट भरता भरता म्हटलं, एप्रिलअखेर मोरोक्कोला जातोय, सायकलच्या शर्यतीला. सहा दिवस, सहाशेच्या आसपास किलोमीटर, वाळवंटात.

हातातली कात्री न थांबवता त्यांनी विचारलं, "वाळूत सायकल चालती?"

"कुठे कुठे ढकलावी लागते."

"म्हंजे पैसे भरून ढकलायची."

यावर काय बोलणार? पैसे किती, हे त्यांनी विचारलं नाही हे नशीबच.

शर्यतीचं नाव टायटन डेझर्ट. २००६ पासून होतेय, स्पॅनिश मंडळींनी सुरू केलेली. बऱ्याच वर्षी सुरुवात अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याशी बूमाल्न दादेसला असते, तिथून रोज एक टप्पा करत मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत, आणि शेवट एर्फूदजवळच्या माआदीदला. व्हुएल्टा ही स्पेनची मोठी सायकल शर्यत चार वेळा जिंकलेला रोबेर्तो एरास ही शर्यतही जिंकून गेलाय. मी ४६ वर्षांचा मेडिकल दुकानदार. रोज वेळेच्या आत तंबूवर पोचलो तरी गंगेत घोडं न्हालं.

नाशकात हे वेड नवं नाही. महाजन बंधू, दोघं डॉक्टर, २०१५ साली दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पुरी करून आले. त्यानंतर माझ्यासारखे कितीतरी पोट सुटलेले लोक पहाटे गंगापूर रोडला दिसायला लागले. आमच्यात एकच कायदा: घाटात पाय टेकवायचा नाही. कसाऱ्यात मी दोनदा ओकलोय, पण उतरलो नाही. याची मला फुशारकी आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

९ मार्च, रविवार

आज भर उन्हातली पहिली मोठी राइड. मुद्दाम अकराला निघालो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. हे दुकानात बसून लोकांना सांगायला सोपं आहे.

त्र्यंबक, तिथून घोटी, आणि हायवेने परत. जवळजवळ शंभर किलोमीटर. पाणी कमी पडायला नको म्हणून दिसेल त्या टपरीवर बाटली घेतली. सात-साडेसात लिटर तरी प्यायलो असेन, सगळं साधं पाणी. वाडीवऱ्हेच्या पुढे डोकं ठणकायला लागलं, पोटात डचमळायला लागलं. मग लक्षात आलं, ग्लोव्ह्ज घट्ट होतायत. बोटं सुजली होती, अंगठी फिरेना. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून एक बाटली रिचवली.

घरी येऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. सकाळपेक्षा ४०० ग्रॅम जास्त! सहा तास घाम गाळून माणसाचं वजन वाढतं, म्हणजे त्याने गाळला त्याहून जास्त ढोसलंय. रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि हे प्रकरण साध्या तहानेपेक्षा वाईट. मूठभर खारा शेव-चिवडा खाल्ला आणि पाण्याला हात न लावता पडून राहिलो. संध्याकाळी बरं वाटलं. ही बावळट चूक त्याने केली, ज्याच्या काउंटरवर ओआरएसचा डबा बारा महिने उघडा असतो. दुकानातल्या पोराला सांगितलेलं नाही.

१३ मार्च, होळी

तासाभराची राइड, आधी-नंतर वजन, मधे प्यायलेलं पाणी मोजून हिशेब केला. माझा घाम तासाला १.१ लिटर. तेवढं सगळं भरून काढायचंच नाही. तासाला ७०० ते ८०० मिली, ते ओआरएसचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं, त्यात मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५. ते एक लिटरलाच. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतू नका, हे गिऱ्हाइकाला रोज बजावतो. एवढ्या साखरेवर सायकल काही चालत नाही, म्हणून खाणं वेगळं. खजूर, राजगिऱ्याची चिक्की. खजूर तिकडे घेईन, एर्फूद खजुराचंच गाव आहे.

पुरणपोळी दोन खाल्ल्या. तिसरी नाकारली, त्यावरून घरात बोलणी बसली.

२३ मार्च, रविवार, बोर्डी

नाशकात वाळू कुठे आणायची? गोदावरीच्या पात्रात जी आहे तिचं नाव न काढलेलं बरं. म्हणून काल गाडीला सायकल लावून जव्हारमार्गे बोर्डी गाठली. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं आणि ओहोटीला पार लांबवर मागे सरकणारा समुद्र.

ओल्या वाळूवर सगळेच शूर असतात. ती डांबरासारखी कडक. खरी परीक्षा भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बाजूला, जिथे कोरडी पुळण आहे. पहिल्यांदा घुसलो आणि चार मीटरवर आडवा. पुढचं चाक खुपसलं, हँडल वळलं, मी वाळूत तोंड घालून. भेळवाला हसला. हसणारच.

दुबईला नोकरीला असलेला मामेभाऊ सुट्टीला सायकल घेऊन वाळवंटातच असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, हवा किती आहे? मी म्हटलं २४. तो म्हणाला, दगडात जायचंय का तुला? सोळावर आण. टायरचा तळवा पसरला पाहिजे, उंटाच्या पायासारखा. वाळू दिसली की आत शिरायच्या आधीच गिअर हलका करायचा, आत गेल्यावर नाही. बूड मागे, हात ढिले. वळायचं नाही, ब्रेक तर नाहीच. पुढचं चाक जिकडे जातंय तिकडे जाऊ द्यायचं.

सोळा पीएसआयला चार मीटरचे तीस झाले. दुपारी एकदा साठ. पण साठाव्या मीटरला छातीचा भाता झालेला, हार्ट रेट १७८. मग गंमत म्हणून तोच पट्टा सायकल ढकलत चालून पाहिला, घड्याळ लावून. साठ मीटरला बारा सेकंद जास्त लागले आणि हार्ट रेट १३०. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बारा सेकंदांसाठी मी जीव काढत होतो. आणि ही एकच पट्टी. मेर्झूगाच्या एर्ग शेब्बी नावाच्या वाळूच्या पट्ट्यातल्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत चढतात.

म्हणजे अप्पा म्हणाले तेच. ढकलायचीच आहे, फक्त नीट ढकलायला शिकायचंय. उरलेला सगळा वेळ सायकलवर न बसता उतरण्याचा सराव केला. वेग मरायच्या आधी उतरायचं, पडल्यावर नाही. डावा पाय टाकायचा, सायकल उजवीकडे, एक हात सीटवर, दुसरा हँडलवर, आणि उतरल्या उतरल्या चालू पडायचं. पहिल्या वीस वेळा दरवेळी मनात यायचं, 'पाय टेकवला.' कसारा डोक्यातून जात नाही.

ढकलताना बुटात वाळू जाते, हे नवीन कळलं. वीस मिनिटांत टाचेला फोड. गेटर घ्यायला हवेत, बुटाचं तोंड झाकणारे. निघताना सायकल गोड्या पाण्याने दोनदा धुतली, तरी चेनमधून करकर आवाज घरापर्यंत.

३० मार्च, पाडवा

शुक्रवार, शनिवार, आज. सलग तीन दिवस, रोज पाच-सहा तास. कालपर्यंत पाय ठीक होते, आज बूड नाही. सीटवर बसताना पहिली पाच मिनिटं डोळ्यांत पाणी. दुसरं म्हणजे भूक मेली. घरी आलो तेव्हा गुढी उभी, कडुनिंब-गुळाचा प्रसाद, श्रीखंड-पुरी समोर, आणि मला पाहवेना. शेवटी दहीभात मागितला, लिंबाच्या लोणच्याबरोबर. तो गेला. बायको म्हणाली, "तिकडे कोण देणार आहे तुम्हाला दहीभात?" मेतकुटाचा डबा यादीत टाकला.

६ एप्रिल, रविवार

सिन्नरच्या पुढच्या माळरानावर होकायंत्र घेऊन गेलो. तिकडे एखाद्या टप्प्यात आखलेली वाटच नसते. मधले ठरलेले बिंदू गाठायचे, रस्ता आपला आपण शोधायचा. नकाशावर सरळ रेघ सगळ्यात जवळची दिसते. माझ्या रेघेत एक नाला, एक शेततळं आणि बाभळीचं बन निघालं. पुढे सायकलच्या चाकाच्या ताज्या खुणा दिसल्या, बरं वाटलं, त्यांच्यामागे गेलो. दोन किलोमीटरवर त्या एका वस्तीत शिरल्या. दूधवाल्याची सायकल. मेंढरं घेऊन निघालेल्या एका बाबांनी हाताने दिशा दाखवली. ती होकायंत्राशी तंतोतंत जुळत होती, मीच सुई बघायची सोडून खुणांकडे बघत होतो.

मला उन्हापेक्षा याची धास्ती आहे. एप्रिलअखेरचं तिथलं ऊन नाशिककराला तसं नवं नाही, शेर्गी नावाचा तिकडचा तापलेला वारा सुटला नाही तर. नवं आहे ते कोरडेपण. घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, म्हणून कळत नाही किती गेला. पण पुढचा माणूस चुकीचा जातोय आणि मी त्याच्या मागे, हे तर सावलीतही होतं.

१३ एप्रिल, रविवार

माळावरून आणलेले बाभळीचे अकरा काटे टायरमधून उपसले. टायरमध्ये ओतलेल्या सीलंटने सगळी भोकं बुजवली, हवा गेली नाही. उन्हात सीलंट आटतं म्हणून छोटी बाटली बरोबर. चेनला तेल बंद, आता मेण. तेलाला धूळ चिकटली की तिची कानस होते.

२० एप्रिल, रविवार

परवा रात्री निघायचं. सायकल खोक्यात भरली. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे दर वेळी विसरतो आणि दर वेळी नख मोडतो. वजन २४.१ किलो, मर्यादा २३. दुसरा टायर काढला, पुन्हा ठेवला, त्याऐवजी जाड स्वेटर काढला. मग आठवलं, बूमाल्न दीड हजार मीटरवर आहे, पहाटे थंडी वाजणार. स्वेटर अंगावर घालून विमानात बसायचं ठरलं.

अप्पा दुपारी आले. खिशातून कांदा काढून टेबलावर ठेवला. उन्हात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मेडिकलवाला म्हणून मला यावर बोलता आलं असतं. बोललो नाही. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, म्हणाले, "उतरायचं झालं तर उतर बरं. कोन बघतंय तिथं."

मागचा गिअर ज्यावर लटकतो तो स्पेअर हँगर अजून आलेला नाही. कुरिअरवाला उद्या म्हणतोय. कालही उद्याच म्हणत होता.